गरजांचा क्रम कोण लावतो?
गावाच्या ग्रामसभेत आणि शहराच्या नागरिक सभेत गरजा कशा शोधल्या जातात, कशा मोजल्या जातात आणि कोठे हरवतात, याचा परिचय

उपनगरातील एखाद्या शाळेचे सभागृह. व्यासपीठावर नगरसेवक, क्षेत्रीय कार्यालयाचे अधिकारी, पाणीपुरवठा व ड्रेनेज विभागांचे कनिष्ठ अभियंते. सभेची वेळ साडेसहाची, सुरुवात साडेसातला. मग एकेक नागरिक उठतो. कोणाला गल्लीतला खड्डा बुजवून हवा असतो, कोणाला कोपऱ्यावर पथदिवा, कोणाला भटक्या कुत्र्यांचा बंदोबस्त. ज्येष्ठ नागरिक संघाला विरंगुळा केंद्र हवे असते आणि तरुण मंडळाला रस्त्याच्या तोंडाशी स्वागत कमान. अधिकारी वहीत सारे टिपून घेतात, ‘सर्व सूचनांचा सकारात्मक विचार केला जाईल’ असे सांगतात आणि चहापान होऊन सभा संपते. बातमीदारीच्या निमित्ताने अशा कितीतरी सभांना प्रस्तुत प्रतिनिधीने हजेरी लावली आहे. वहीत उतरलेल्या तीस-चाळीस मागण्यांपैकी पहिली कोणती आणि तिसावी कोणती, हा प्रश्न त्यांतील फारच थोड्या सभांमध्ये विचारला गेला.

वास्तविक तोच प्रश्न महत्त्वाचा आहे. मागण्यांची यादी कोणालाही करता येते. पैसा मर्यादित असल्याने यादीतील पहिली चार-पाच कामे होतात आणि उरलेली पुढच्या वर्षावर जातात. म्हणजे यादीचा क्रम लावणारा तोच खरा निर्णय घेणारा. सभेने क्रम लावला नाही तर तो नंतर कोणाच्या तरी दालनात लागतो, एवढाच फरक. लोकांनी एकत्र बसून आपल्या गरजा ओळखणे आणि त्यांचा प्राधान्यक्रम ठरवणे ही कल्पना म्हणूनच जितकी साधी वाटते तितकी साधी नाही. तिच्यामागे कायदा आहे, काही पद्धती आहेत, अनेक गावांचा आणि शहरांचा अनुभव आहे. महाराष्ट्रापुरते बोलायचे तर तिच्यात एक मोठी विसंगतीही आहे. खेड्यातील मतदाराला या बाबतीत जो अधिकार आहे, तो महानगरातील मतदाराला व्यवहारात नाही.

मुखत्यारपत्राची परंपरा

आपल्याकडे ‘सार्वजनिक सभा’ हा शब्दच मुळी पुण्यातील एका संस्थेमुळे रूढ झाला. पर्वती देवस्थानच्या कारभाराविषयीच्या तक्रारींतून १८७० साली पुणे सार्वजनिक सभेची स्थापना झाली. गणेश वासुदेव जोशी ऊर्फ सार्वजनिक काका हे तिचे प्रमुख. या सभेचा एक नियम आजही विचार करण्याजोगा आहे. सभासद होऊ इच्छिणाऱ्याला किमान पन्नास प्रौढ व्यक्तींच्या सह्यांचे मुखत्यारपत्र आणावे लागे. आपण कोणाच्या वतीने बोलतो आहोत हे आधी सिद्ध करा, मग बोला, असा त्याचा अर्थ. पुढे १८७६-७७ च्या दुष्काळात सभेने गावोगाव माणसे पाठवून परिस्थितीची माहिती जमवली आणि तिच्या आधारे सरकारकडे निवेदने धाडली. प्रतिनिधित्वाचा पुरावा आणि प्रत्यक्ष पाहणी या दोन्ही गोष्टी आजच्या अनेक नागरिक सभांमध्ये आढळत नाहीत.

अर्थात त्या काळची सभा सरकारकडे मागणी करणारी होती, निर्णय घेणारी नव्हती. निर्णयाचा अधिकार लोकांच्या सभेकडे येण्यास पुढे शंभर-सव्वाशे वर्षे लागली.

ग्रामसभा : कायद्याने दिलेली जागा

७३ वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ रोजी अमलात आली आणि ग्रामसभेला घटनात्मक स्थान मिळाले. गावाच्या मतदार यादीत नाव असलेली प्रत्येक व्यक्ती ग्रामसभेची सभासद असते. ग्रामपंचायत निवडून आलेल्यांची, ग्रामसभा मात्र सर्वांची. हा भेद अनेक सुशिक्षित शहरवासीयांनाही ठाऊक नसतो. महाराष्ट्रात वर्षातून किमान चार ग्रामसभा घेणे बंधनकारक असून २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर हे त्यांचे रूढ दिवस आहेत. गणपूर्तीसाठी एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढी उपस्थिती लागते. ती नसेल तर सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट राहत नाही. या शेवटच्या सवलतीचा लाभ किती ठिकाणी घेतला जातो हे ग्रामीण भागातील वार्ताहरांना वेगळे सांगण्याची गरज नाही.

२००३ साली राज्याच्या ग्रामपंचायत कायद्यात झालेल्या दुरुस्तीने ग्रामसभेचे अधिकार वाढले. ग्रामसभेपूर्वी महिलांची स्वतंत्र सभा घेण्याची तरतूद त्यातलीच. चौदाव्या वित्त आयोगाच्या काळात, म्हणजे २०१५ पासून, ग्रामपंचायतींना थेट निधी मिळू लागला आणि त्यासोबत गावाचा विकास आराखडा करण्याची जबाबदारीही आली. महाराष्ट्रात हा कार्यक्रम ‘आमचं गाव, आमचा विकास’ या नावाने राबवला गेला. गरजांची पाहणी, त्यांचा प्राधान्यक्रम, उपलब्ध निधीचा अंदाज, आराखड्याचा मसुदा आणि अखेर ग्रामसभेची मंजुरी असा त्याचा मार्ग.

येथे पैशाची एक बाजू लक्षात घ्यावी लागते. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या कालावधीसाठी ग्रामपंचायतींच्या अनुदानाचा ६० टक्के भाग बंधित ठेवला. त्यातील निम्मा पिण्याच्या पाण्यासाठी आणि निम्मा स्वच्छतेसाठी. गावाला आपल्या मर्जीने खर्च करता येईल असा अबंधित भाग उरला ४० टक्के. म्हणजे गावाने सर्वानुमते रस्त्याला पहिला क्रमांक दिला तरी दहातील सहा रुपये पाणी आणि स्वच्छतेकडेच जाणार. यावर दोन्ही बाजूंनी बोलता येईल. एका दृष्टीने ही स्थानिक इच्छेवरची बंधने आहेत. दुसऱ्या दृष्टीने, सभेत ज्यांचा आवाज उमटत नाही त्यांच्या पाण्याची सोय बंधनामुळेच होते. प्रस्तुत प्रतिनिधीला दुसरी बाजू अधिक वजनदार वाटते. तथापि बंधित निधीचा हिशेब सभेसमोर आधीच मांडला गेला नाही तर लोक तासभर ज्या पैशावर वाद घालतात तो पैसा त्यांच्या हातात नसतोच, आणि मग पुढच्या सभेला ते येत नाहीत.

चिंचोके आणि ज्वारीचे दाणे

गरज शोधण्याची सुरुवात सभागृहात होत नाही. ती गावात फिरून होते. ग्रामीण विकासात काम करणाऱ्यांमध्ये शिवारफेरी हा शब्द परिचित आहे. दहा-पंधरा माणसे गावठाणातून निघून वाड्या-वस्त्यांपर्यंत चालत जातात. पाणवठे, गटारे, शाळा, स्मशानभूमीचा रस्ता पाहतात. नंतर देवळाच्या किंवा शाळेच्या पटांगणात रांगोळीने गावाचा नकाशा काढला जातो. कोणत्या घरात नळ आहे, कोणत्या घरातून पाण्यासाठी किती दूर जावे लागते, हे लोक स्वतः त्यावर दाखवतात. लोकसहभागातून पाहणी करण्याचा हा विचार १९८० च्या दशकाच्या अखेरीस भारतात जोर धरू लागला. ब्रिटिश अभ्यासक रॉबर्ट चेंबर्स यांचे नाव त्याच्याशी जोडले जाते. अक्षरज्ञान नसलेल्या माणसाकडेही आपल्या परिसराचे अचूक ज्ञान असते आणि ते कागदावर नव्हे तर जमिनीवर मांडू दिले तर तो बोलू लागतो, हे त्यामागचे सूत्र.

क्रम लावण्याची सर्वांत सोपी पद्धत जोड्यांच्या तुलनेची. समजा, पाच गरजा पुढे आल्या आहेत : नळाचे पाणी, सांडपाण्याचे गटार, अंगणवाडीची इमारत, पथदिवे आणि सभामंडप. या पाचांच्या दहा जोड्या होतात. प्रत्येक जोडीपुरता एकच प्रश्न विचारायचा. पाणी की पथदिवे? गटार की सभामंडप? ज्या गरजेची निवड होईल तिला एक गुण. दहा प्रश्न संपले की क्रम आपोआप पुढे येतो. ‘सर्वांत महत्त्वाचे काय’ असे एकदम विचारले तर सभेत जो मोठ्याने बोलतो त्याचे उत्तर सर्वांचे उत्तर होते. दोनांतून एक निवडताना मात्र माणूस क्षणभर थांबून विचार करतो. गरजा दहा झाल्या तर जोड्या पंचेचाळीस होतात, म्हणून आधी यादी आटोपशीर करावी लागते.

दुसरी पद्धत बियांची. प्रत्येकाला ठराविक संख्येने चिंचोके दिले जातात आणि जमिनीवर काढलेल्या चित्रांपुढे ते हवे तसे वाटून ठेवायचे असतात. तिच्यातील एक बारकावा महत्त्वाचा आहे. पुरुषांना चिंचोके आणि स्त्रियांना ज्वारीचे दाणे दिले तर दोन ढीग वेगवेगळे मोजता येतात. सभामंडपापुढे चिंचोके आणि पाणवठ्यापुढे ज्वारी असे दृश्य दिसले तर गावाची गरज एकच नाही, हे कोणी भाषण न करता सर्वांना कळते.

या साऱ्यात आणखी एक पथ्य पाळावे लागते. लोक सभेत येऊन गरज सांगत नाहीत, उपाय सांगतात. ‘बोअर मारून द्या’ हा उपाय झाला. उन्हाळ्याचे तीन महिने पाणी पुरत नाही ही गरज झाली. बोअरऐवजी जुन्या विहिरीचा गाळ काढणे स्वस्त आणि टिकाऊ ठरू शकते. पण यादीत ‘बोअर’ असेच नोंदवले गेले तर तो विचार तेथेच खुंटतो. शहरात हीच गोष्ट पेव्हर ब्लॉकच्या बाबतीत घडते. पदपथावरून चालता येत नाही याचे कारण बहुधा त्यावर उभी असलेली वाहने आणि डीपी बॉक्स असतात. मंजुरी मात्र नव्या पेव्हर ब्लॉकला मिळते.

बहुमत चुकते तेव्हा

जोड्या लावा की बिया मोजा, या सर्व पद्धतींना एक मर्यादा आहे. समजा, एका गावात चारशे घरे गावठाणात आणि तीस घरे दोन किलोमीटरवरच्या वस्तीत आहेत. गावठाणात नळ आहेत, वस्तीत नाहीत. गावठाणातील लोकांना गल्लीत काँक्रीट हवे आहे. कितीही प्रामाणिकपणे मतदान घेतले तरी काँक्रीटच जिंकणार. पुढच्या वर्षी पुन्हा काँक्रीट, त्याच्या पुढच्या वर्षी पथदिवे. वस्तीला तिची पाळी कधीच येणार नाही आणि यात कोणी लबाडी केली असेही म्हणता येणार नाही.

या पेचावरचे सर्वांत व्यवस्थित उत्तर ब्राझीलमधील पोर्तो अलेग्रे या शहराने दिले. १९८९ साली तेथे कामगार पक्षाची सत्ता आली, ओलिव्हियो दुत्रा महापौर झाले आणि शहराच्या अंदाजपत्रकातील भांडवली कामे लोकांच्या सभांमधून ठरवण्याचा उपक्रम सुरू झाला. ‘लोकसहभागी अंदाजपत्रक’ या नावाने जगभर पसरलेल्या कल्पनेचे हे उगमस्थान. शहराचे १६ विभाग करण्यात आले. प्रत्येक विभागाच्या सभेने रस्ते, मलनिस्सारण, घरे, आरोग्य अशा विषयांतून आपले अग्रक्रम निवडायचे. पहिल्या विषयाला चार गुण, दुसऱ्याला तीन, तिसऱ्याला दोन, चौथ्याला एक.

पण निधीचे वाटप केवळ या गुणांवर होत नसे. विभागाची लोकसंख्या किती आणि त्या सेवेची तेथे उणीव किती, हेही मोजले जाई. ज्या विभागात गटारे अधिक कमी, त्याला गटारांच्या बाबतीत अधिक गुण. हे सूत्र आधीच जाहीर असे आणि दरवर्षी लोकांच्या प्रतिनिधींची परिषद त्यावर चर्चा करून बदल करी. त्यामुळे श्रीमंत विभागाने रस्त्याला पहिला क्रमांक दिला आणि गरीब विभागानेही दिला, तरी डांबर आधी तेथे जाई जेथे मातीच्या वाटा होत्या. पाणी आणि मलनिस्सारणाच्या जोडण्या असलेल्या कुटुंबांचे प्रमाण १९८८ मधील ७५ टक्क्यांवरून १९९७ पर्यंत ९८ टक्क्यांवर गेल्याचे जागतिक बँकेच्या प्रकाशनांत नमूद आहे. त्याचे सारे श्रेय सभांना देता येणार नाही, हे खरे. पुढे सत्तांतरानंतर या प्रक्रियेचा जोर ओसरत गेला आणि २०१७ साली ती थांबवण्यात आली. लोकांच्या सवयीचा भाग झालेली गोष्टसुद्धा कायद्याच्या आधाराविना किती सहज मागे घेता येते, हे त्यातून दिसले.

सभेला कोण येते

सभेची वेळ हाच एक निर्णय असतो. सकाळी अकराची ग्रामसभा म्हणजे शेतमजुराचा रोज बुडाला. रात्री आठची सभा म्हणजे स्वयंपाक करणाऱ्या बाया घरी. शहरात रविवारी सकाळची सभा नोकरदारांना सोयीची, पण घरकाम करणाऱ्या महिलांना आणि पथविक्रेत्यांना रविवार सुट्टीचा नसतो. मुंबईत १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात महापालिकेने नागरिकांच्या परिसर व्यवस्थापन गटांना प्रोत्साहन दिले. कचऱ्याच्या वर्गीकरणापासून पदपथांपर्यंत काही चांगली कामे त्यातून झाली. मात्र हे गट प्रामुख्याने इमारतींमध्ये राहणाऱ्या मध्यमवर्गाचे राहिले आणि शेजारची झोपडपट्टी त्यांच्या बैठकीत बहुधा ‘समस्या’ या सदराखाली आली.

महिला सभेची तरतूद याच कारणासाठी आहे. ती प्रामाणिकपणे झाली तर विषयपत्रिका बदलते. दारूबंदीचे उदाहरण सर्वांच्या परिचयाचे आहे. महाराष्ट्रात एखाद्या गावातील किंवा प्रभागातील दारू दुकान बंद करण्यासाठी किमान २५ टक्के महिला मतदारांनी निवेदन दिले तर गुप्त मतदान घेता येते आणि एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी ‘आडवी बाटली’ या चिन्हाला मत दिले तर दुकान बंद होते. येथे मतदानाला आलेल्यांच्या नव्हे, तर यादीतील एकूण महिलांच्या निम्म्याहून अधिक मते लागतात, ही अट कडक आहे. तरीही अनेक गावांत ती पार पडली. पुरुषांच्या सभेत हा विषय प्राधान्याच्या यादीत कधी आलाच नसता, हे सांगायला आकडेवारीची आवश्यकता नाही.

मेंढा गावाची रीत

गडचिरोली जिल्ह्यातील धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) हे लहानसे गोंड आदिवासी गाव आहे. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही त्याची घोषणा महाराष्ट्रभर पोहोचली. वनहक्क कायद्याखाली सामूहिक हक्क मिळवणाऱ्या देशातील अगदी पहिल्या गावांपैकी हे एक. २००९ साली सुमारे १८०० हेक्टर वनावरील हक्क गावाला मिळाला आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकारही ग्रामसभेकडे आला. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल ही या वाटचालीशी जोडलेली नावे.

या गावाची प्रसिद्धी बांबूमुळे झाली असली तरी प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने त्याची सभेची रीत अधिक मोलाची आहे. तेथे निर्णय बहुमताने नव्हे, सर्वसहमतीने होतात. एकाचाही विरोध असेल तर विषय पुढच्या सभेवर जातो. ऐकणाऱ्याला हे अशक्य वाटेल. ते शक्य होते याचे कारण निर्णयाच्या सभेहून वेगळा असा अभ्यासगट. अभ्यासगटात कोणीही बसावे, बाहेरच्या जाणकारालाही बोलवावे, शासकीय कागद वाचावेत, शंका काढाव्यात. मात्र तेथे निर्णय घ्यायचा नाही. निर्णय ग्रामसभेत, गावकऱ्यांनीच घ्यायचा. माहिती घेणे आणि ठरवणे या दोन क्रिया निरनिराळ्या बैठकांत झाल्यामुळे सभेत येणारा माणूस कोऱ्या मनाने येत नाही. वर सांगितलेल्या तीस घरांच्या प्रश्नाला मेंढ्याचे उत्तर असे की, तीस घरांनी मान्यता दिल्याखेरीज ठरावच होत नाही. शहरातल्या पन्नास हजारांच्या प्रभागात ही रीत जशीच्या तशी चालणार नाही, हे उघड आहे. अभ्यासगटाची कल्पना मात्र चालण्यासारखी आहे.

केरळने हेच मोठ्या प्रमाणावर करून पाहिले. १९९६ च्या ऑगस्टमध्ये तेथे लोकयोजना मोहीम सुरू झाली आणि राज्याच्या योजनानिधीचा ३५ ते ४० टक्के वाटा स्थानिक संस्थांकडे देण्याचा निर्णय झाला. आधी पैसा जाहीर झाला, मग सभा झाल्या. हा क्रम महत्त्वाचा. केरळमधील ग्रामपंचायती लोकसंख्येने मोठ्या असल्याने तेथे ग्रामसभा प्रभागाच्या पातळीवर भरते. सभेत छोटे गट पाडून शेती, शिक्षण, आरोग्य, पाणी अशी विषयवार चर्चा झाली. त्यातून प्रत्येक पंचायतीचा विकास अहवाल लिहिला गेला, त्यावर परिसंवाद झाले, मग कार्यगटांनी प्रकल्प तयार केले. एका सभेत सर्व काही उरकण्याचा आग्रह नव्हता. सभांमध्ये स्त्रियांची उपस्थिती सुरुवातीला कमी होती आणि ती वाढवण्यासाठी योजनेचा १० टक्के भाग स्त्रियांसाठी राखून ठेवण्यात आला. केरळच्या कायद्यात लहान शहरांसाठीही प्रभागसभेची तरतूद आहे.

शहराची रिकामी खुर्ची

आता आपल्या शहरांकडे वळू. ७४ वी घटनादुरुस्ती १ जून १९९३ रोजी अमलात आली. तिने तीन लाखांहून अधिक लोकवस्तीच्या शहरांत प्रभाग समित्या स्थापण्यास सांगितले, पण ग्रामसभेसारखी सर्व मतदारांची सभा शहरांना दिली नाही. महाराष्ट्रातील प्रभाग समिती ही अनेक प्रभागांच्या नगरसेवकांची मिळून होते. तिच्यात स्वयंसेवी संस्थांचे जास्तीत जास्त तीन प्रतिनिधी नामनिर्देशनाने घेता येतात. सामान्य नागरिक तेथे सभासद नसतो.

ही उणीव भरून काढण्यासाठी केंद्राच्या नागरी पुनर्निर्माण योजनेची अट म्हणून २००९ साली महाराष्ट्राने महापालिका व नगरपालिका कायद्यांत क्षेत्रसभेची तरतूद केली. काही मतदान केंद्रांचा परिसर मिळून एक क्षेत्र, त्यातील सर्व मतदार सभासद, नगरसेवक अध्यक्ष. कामांचा प्राधान्यक्रम सुचवणे हे तिचे एक काम. ठराविक मुदतीत सभा न घेणाऱ्या नगरसेवकाच्या पदावर गदा येऊ शकेल, असेही कायद्यात म्हटले आहे. कागदावर ही ग्रामसभेची शहरी बहीणच. प्रत्यक्षात आपल्या परिसराची क्षेत्रसभा कधी भरली होती, असा प्रश्न वाचकांनी स्वतःला विचारून पाहावा. काही शहरांत जागरूक नागरिकांनी पाठपुरावा केल्यावर काही सभा झाल्या. सर्वसाधारणपणे ही तरतूद निद्रिस्त राहिली. २०२२ पासून पुढे काही वर्षे राज्यातील अनेक महापालिकांत निवडणुकाच झाल्या नाहीत आणि प्रशासकांचा कारभार होता. त्या काळात क्षेत्रसभेला अध्यक्षच नव्हता.

पुण्याने वेगळी वाट धरली. तत्कालीन आयुक्त नितीन करीर यांच्या कारकिर्दीत २००६-०७ च्या अंदाजपत्रकापासून नागरिकांकडून कामे सुचवून घेण्यास सुरुवात झाली. हा देशातील या स्वरूपाच्या अगदी सुरुवातीच्या प्रयोगांपैकी एक. पाच लाख रुपयांपर्यंतची कामे नागरिकांनी क्षेत्रीय कार्यालयात अर्ज भरून सुचवायची, प्रत्येक प्रभागासाठी एकूण रकमेची मर्यादा, छाननीनंतर प्रभाग समितीची मान्यता आणि मग अंदाजपत्रकात समावेश, अशी रीत. इतर अनेक उपक्रम एक-दोन वर्षांत मावळले असताना हा टिकून राहिला, याचे श्रेय दिलेच पाहिजे. बसथांब्यावर बाके, पदपथ, पथदिवे, स्वच्छतागृहांची दुरुस्ती अशी कामे त्यातून झाली.

परंतु यात सभा नाही, अर्ज आहे. अर्ज भरणारा एकटा भरतो. शेजारच्या गल्लीची गरज काय आहे ते त्याला कळत नाही आणि त्याच्या गरजेविषयी शेजारच्याला विचारले जात नाही. शंभर अर्जांतून दहा निवडताना क्रम कोणी आणि कोणत्या निकषावर लावला, हे अर्जदाराला समजत नाही. ज्याला अर्ज भरणे जमते त्याचीच गरज दप्तरी दाखल होते, ही बाब तर आहेच. नगरसेवकांच्या बाजूनेही एक तक्रार असते आणि ती अगदीच निराधार म्हणता येणार नाही. आम्हाला लोकांनी निवडून दिले आहे, मग पाच-पन्नास अर्जदारांनी कामे का ठरवावीत? क्षेत्रसभा भरत असत्या तर नगरसेवक त्यांचा अध्यक्ष असता आणि हा प्रश्नच उद्भवला नसता.

सभेत काय पाहावे

ज्या वाचकांच्या परिसरात अशी सभा होणार आहे, किंवा जे स्वतः ती घडवून आणू इच्छितात, त्यांच्यासाठी काही गोष्टी नोंदवणे उपयुक्त ठरेल. पहिली म्हणजे रक्कम. या प्रभागासाठी, या वर्षी, नेमके किती रुपये उपलब्ध आहेत हे सभेच्या सुरुवातीलाच विचारावे. आकडा सांगितला गेला नाही तर ती निर्णयाची सभा नव्हे, हे समजून चालावे. आकडा समजला की चर्चा आपोआप जमिनीवर येते, कारण कमानीचा खर्च आणि ड्रेनेज लाइनचा खर्च शेजारी शेजारी फळ्यावर दिसू लागतात.

दुसरे म्हणजे सभेपूर्वीची फेरी. सोसायटीच्या फाटकापासून नाल्याकाठच्या वस्तीपर्यंत आठ-दहा जणांनी, त्यांत दोघे-तिघे त्या वस्तीतलेच असावेत, एकदा चालत जावे. पाणी किती वाजता येते आणि किती घरांना मिळून एक नळ आहे, हे लिहून आणावे. अमुक टक्के घरांत सेवा नाही हे वाक्य सभेत उच्चारले गेले की त्याच्यापुढे विरंगुळा केंद्राचा आग्रह धरणे कठीण जाते.

इतिवृत्ताचा मुद्दा सर्वांत दुर्लक्षित. ग्रामसभेचे इतिवृत्त लिहिणे हे ग्रामपंचायतीच्या सचिवाचे काम असते आणि त्याची प्रत नागरिकाला मागता येते. गावाचा मंजूर आराखडाही २०२० पासून ‘ई-ग्रामस्वराज’ या शासकीय संकेतस्थळावर पाहता येतो. मागील सभेतील ठरावांचे काय झाले, हे पुढच्या सभेच्या आरंभी वाचून दाखवण्याचा आग्रह धरावा. काम झाले नाही तर का झाले नाही, याचे एक ओळीचे उत्तर इतिवृत्तात उमटले पाहिजे. नागरिकांचा उत्साह काम न झाल्यामुळे जितका ओसरतो, त्याहून अधिक तो उत्तर न मिळाल्यामुळे ओसरतो, असा या क्षेत्रात वावरताना आलेला अनुभव आहे.

आणि शेवटी पंचांग. गावाच्या आराखड्यासाठीची विशेष मोहीम २०१८ पासून २ ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होत आली आहे. महापालिकेचे अंदाजपत्रक आयुक्तांकडून स्थायी समितीला साधारणतः जानेवारीच्या आसपास सादर होते आणि त्यासाठी विभागांकडून प्रस्ताव त्यापूर्वी दोन-तीन महिने मागवलेले असतात. पुण्यातील नागरिकांच्या सूचनांचे अर्जही पावसाळा संपताना घेतले जात आले आहेत. प्रभागातील गरजांवर फेब्रुवारीत भरवलेली सभा कितीही चांगली झाली तरी तिची यादी त्या वर्षीच्या अंदाजपत्रकात जाऊ शकत नाही. फेरी जुलैत, सभा ऑगस्टमध्ये आणि क्रमवार यादी गणपतीपूर्वी क्षेत्रीय कार्यालयात पोहोचली, पोच घेऊन, तर ती वेळेत गेली असे म्हणता येईल.